स्पर्शाची दाद

वेदना हा मनुष्याचा शत्रू आहे ही समजूत इतकी पुरातन आणि इतकी सार्वत्रिक आहे की, वेदना नाहीशी झाल्यामुळेच ज्यांच्या हातापायांची दुर्दशा झाली अशी माणसे पिढ्यान्‌पिढ्या आपल्या आसपास वावरत असूनही, ती समजूत तपासून पाहण्याची बुद्धी वैद्यकशास्त्राला विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फारशी झाली नाही. कुष्ठरोग्याची बोटे झडतात, पायाला न भरणारे व्रण पडतात, हे सर्वांना दिसत होते. आणि मांस सडविणे हा त्या रोगाचाच गुण आहे, अशी लोकांची व पुष्कळशा डॉक्टरांचीही धारणा होती. या धारणेला ज्यांनी मुळापासून हादरा दिला त्यांत डॉ. पॉल ब्रँड यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. मिशनरी आईबापांच्या पोटी १९१४ साली तामिळ मुलखातील कोल्ली डोंगरात जन्मलेले हे शल्यविशारद १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले, आणि पुढल्याच वर्षी चिंगलपुटच्या कुष्ठधामात कुष्ठरोगतज्ज्ञ डॉ. कॉक्रेन यांच्या समवेत फिरत असता त्यांनी एका रुग्णाच्या आखडलेल्या पंजात आपला हात दिला. त्या पंजाची पकड इतकी जबर निघाली की ब्रँड यांना ती सोसवेना. ज्या हाताला जगाने निकामी ठरविले होते त्याचे पकडीचे स्नायू शाबूत होते. परंतु आपण समोरच्याला दुखवितो आहोत याची खबर मात्र त्या हाताला नव्हती.

पुढे एकदा एक गंजलेले कुलूप ब्रँड यांना काही केल्या उघडेना, तेव्हा एका लहान रुग्ण मुलाने पुढे होऊन ते सहज उघडून दिले. आणि त्याच्या बोटातून रक्त ठिबकताना पाहून ब्रँड यांनी हात उलटून पाहिला तो किल्लीने बोट हाडापर्यंत कापले गेले होते. मुलाला त्याची दादही नव्हती. अशा निरीक्षणांतून ब्रँड व त्यांचे सहकारी या निष्कर्षावर आले की, नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ साली दाखवून दिलेला कुष्ठरोगाचा जंतू बोटे खात नाही. तो शरीराच्या थंड भागांतील मज्जातंतूंना ग्रासतो, आणि मग उरलेला विध्वंस चुलीवरचे भांडे, पायातला खिळा, फावड्याचा दांडा आणि रात्री बोटे कुरतडणारे उंदीर करतात. आपल्याकडे दत्तपूर, तपोवन, आनंदवन या कुष्ठधामांत ज्यांनी वर्षानुवर्षे मलमपट्टी केली त्यांना हे सत्य हातातल्या बोळ्यानेच शिकविले असेल: जखम बरी करता येते, पण तीच जखम त्याच जागी पुन्हा होऊ नये याचा बंदोबस्त करणारी जी यंत्रणा निसर्गाने प्रत्येकाच्या अंगावर ठेवली आहे, ती एकदा उठून गेली की तिची जागा भरून काढणे अतिशय कठीण असते.

प्रयोगशाळांतून आज जी कृत्रिम त्वचा आकाराला येते आहे, दाब आणि उष्णता ओळखणारी, ताणली जाणारी, क्वचित आपली फाट आपणच सांधणारी, तिच्याकडे मी या दृष्टीने पाहतो. तिच्या वार्ता बहुधा यंत्रमानवाच्या संदर्भात आपल्या कानी येतात. पण या विद्येचा खरा वादी यंत्रमानव नसून ज्याच्या अंगावरची त्वचा मुकी झाली आहे तो माणूस आहे, आणि ही विद्या कोठवर आली याचा हिशेब त्याच्यासमोरच मांडला गेला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

निसर्गाची तजवीज

अनुकरण किती अवघड आहे हे कळण्यासाठी मूळ वस्तूकडे आधी नीट पाहावे लागते. प्रौढ मनुष्याच्या अंगावर सुमारे दीड ते दोन चौरस मीटर त्वचा असते. केवळ एका हाताच्या तळव्यात आणि बोटांच्या आतल्या बाजूस स्पर्शाची वर्दी देणारे सुमारे १७,००० मज्जातंतू येऊन पोहोचतात, असा अंदाज योहान्सन आणि वॉल्बो या स्वीडिश संशोधकांनी १९७९ साली मांडला. त्यांच्या टोकांशी चार प्रकारची इंद्रिये असतात आणि प्रत्येकाचे खाते निराळे असते. मेर्केलच्या पेशी स्थिर दाब आणि कडांचा आकार सांगतात. माइस्नरचे कण हातातली वस्तू निसटू लागली की जागे होतात. रुफिनीची टोके त्वचेचा ताण जोखतात. आणि खोलवर वसलेले पासिनीचे कण सूक्ष्म कंपनांनी थरारतात. यांपैकी दोन प्रकार दाब असेतोवर त्याची नोंद चालू ठेवतात, तर दोन केवळ फेरबदलाची वर्दी देऊन स्वस्थ बसतात. अंगावरचा सदरा आपल्याला दिवसभर जाणवत नाही आणि त्याच सदऱ्यावर चढलेली मुंगी मात्र तत्काळ कळते, याचे इंगित या कामाच्या वाटणीत आहे.

उष्णतेचा मामला याहून वेगळा. मिरचीचा तिखटपणा आणि विस्तवाचा चटका ही एकाच दाराने आत येतात, हे डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ साली दाखविले. मिरचीतील कॅप्सेसिन ज्या प्रथिनावर काम करते ते टीआरपीव्ही-१ नावाचे प्रथिन सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या वर तापमान गेले की आपणहून उघडते, आणि विद्युद्‌भारित कण पेशीत शिरून मज्जातंतू पेटून उठतो. दाबाने उघडणारी पिएझो नावाची प्रथिने आर्डेम पटापुटियन यांनी २०१० साली शोधली. आणि या दोघांना २०२१ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. स्पर्शाची वार्ता वाहणारे जाड तंतू सेकंदाला ३५ ते ७५ मीटर या वेगाने धावतात, तर ऊब आणि रेंगाळणारी वेदना वाहणारे बारीक तंतू सेकंदाला मीटर-दोन मीटरच्या पुढे जात नाहीत. मात्र चटका बसताच हात मागे खेचण्याचा हुकूम मेंदूकडून येत नाही. तो पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूतूनच सुटतो. मेंदूला त्याची इत्तला मागाहून मिळते. या लहानशा गोष्टीत पुढच्या सगळ्या कथेचे मर्म आहे.

कार्व्हिलचा धडा

१९६६ साली ब्रँड अमेरिकेतील लुइझिआना राज्यात कार्व्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि तेथे त्यांनी एक धाडसी योजना हाती घेतली. ज्यांची संवेदना गेली आहे त्यांच्यासाठी वेदनेचा पर्याय निर्माण करावयाचा. हातमोज्यात आणि पायमोज्यात दाब मोजणारी लहान उपकरणे बसवावयाची, आणि दाब धोक्याच्या हद्दीपलीकडे गेला की रुग्णाला सावध करावयाचे. सरकारी अनुदान मिळाले, अभियंते लाभले. प्रथम कानाशी गुंजारव होईल अशी व्यवस्था केली. रुग्णांनी तो ऐकला आणि काम तसेच चालू ठेवले. नंतर दिव्यांची उघडझाप करून पाहिली. तिचाही उपयोग झाला नाही. अखेरीस काखेत, जेथे संवेदना शिल्लक होती तेथे, विजेचा झटका देण्यापर्यंत मजल गेली. तेव्हा रुग्णांनी त्याहून सोपा मार्ग काढला: एखादा घट्ट पेच जोराने पिळावयाचा असला की ते यंत्र बंद करीत, काम उरकून घेत आणि मग ते पुन्हा चालू करीत.

उपकरणे महाग होती आणि थोड्या वापरात झिजत होती, हे खरे; परंतु योजना सोडून देताना ब्रँड यांनी जो निष्कर्ष काढला तो यंत्रांच्या झिजेपलीकडचा होता. वेदनेचा अंमल माणसाच्या मर्जीबाहेर असतो म्हणूनच ती संरक्षण करू शकते; जी बंद करता येते ती केवळ सूचना होय, आणि सूचनेकडे मनुष्य दुर्लक्ष करतो. याहून गंभीर अशी आणखी एक गोष्ट त्यांनी नोंदली आहे. ज्या हातापायांत संवेदना उरली नाही त्यांच्याकडे रुग्ण आपले म्हणून पाहीनासे होतात. ते त्यांना जवळ बाळगलेल्या हत्यारासारखे वाटू लागतात. परक्या वस्तूसाठी विजेचा झटका सोसण्यास कोण तयार होईल?

कार्व्हिलच्या या अपयशाला मी कृत्रिम त्वचेच्या इतिहासातील पहिले मोठे यश समजतो. स्पर्श मोजता येणे, त्या मोजमापाचा निरोप पोहोचणे, आणि त्या निरोपाची दाद घेतली जाणे, या तीन निराळ्या पायऱ्या आहेत; आणि तिसरी साधली नाही तर पहिल्या दोन व्यर्थ जातात, हे तेथे सिद्ध झाले.

पहिली पायरी : पदार्थ

पहिल्या पायरीवरची प्रगती मात्र खरोखर विस्मयकारक आहे. अडचण मूलतः अशी होती की इलेक्ट्रॉनिक विद्येचा सारा प्रपंच सिलिकॉनच्या चकतीवर उभा, आणि ती चकती ताठ व ठिसूळ. उलट त्वचा गुडघ्यावर ताणते, कोपरात चुरगळते आणि पुन्हा पूर्ववत होते. टोकियो विद्यापीठाचे ताकाओ सोमेया यांनी या शतकाच्या आरंभी सिलिकॉन बाजूला ठेवून पेंटासीन या कार्बनी संयुगाचे ट्रान्झिस्टर लवचीक फिल्मवर घडविले आणि त्यांच्या जोडीला वीजवाहक रबर बसवून दाब ओळखणारे विस्तीर्ण पत्रे तयार केले. २००५ साली त्यांच्या गटाने त्या फिल्मला जाळीचे रूप दिले. ही जाळी २५ टक्क्यांपर्यंत ताणली जात होती, अंड्याच्या गोलाईवर बसत होती, आणि एकाच वेळी दाबाचे व तापमानाचे दोन नकाशे उमटवीत होती. २०१३ साली त्याच परंपरेत १.२ मायक्रोमीटर जाडीच्या फिल्मवर मंडले रेखली गेली. तिचे वजन चौरस मीटरला ३ ग्रॅम भरते, जेथे आपल्या लिहिण्याच्या साध्या कागदाचे ८० ग्रॅमच्या आसपास असते.

सूक्ष्म दाबाचा प्रश्न स्टॅनफर्डच्या झेनान बाओ यांच्या गटाने २०१० साली सोडविला, आणि त्यातली युक्ती समजून घेण्याजोगी आहे. दोन विद्युत्‌वाहक पत्र्यांमध्ये रबराचा थर ठेवला आणि तो दाबला, तर पत्रे जवळ येतात व त्यांची विद्युत्‌भार धरून ठेवण्याची शक्ती बदलते. तो बदल मोजला की दाब कळतो. पण सलग रबर थोड्याशा दाबाने दबत नाही, आणि दबले तर झटकन वर येत नाही. बाओ यांनी त्या रबराच्या पृष्ठावर काही मायक्रोमीटर मापाचे पिरॅमिड घडविले. टोके बारीक असल्याने ती अल्प भारानेही दबतात, मधल्या हवेच्या पोकळीमुळे रबराला पसरावयास जागा मिळते, आणि भार उठताच ते क्षणार्धात पूर्वस्थितीला येते. या त्वचेवर २० मिलिग्रॅम वजनाची माशी ठेवली तरी तिची नोंद झाली. त्याच वर्षी बर्कलीच्या अली जावी यांनी अतिसूक्ष्म अर्धवाहक तारांची दाबग्राही त्वचा सिद्ध केली. आणि २०१२ साली बाओ यांच्याच गटाने निकेलचे कण मिसळलेला असा बहुवारिक पदार्थ केला, जो कापला तरी साध्या तापमानाला आपले आपण सांधतो आणि पुन्हा वीज वाहू लागतो.

तापमानासाठी तर थेट फळांच्या सालीकडे धाव घेतली गेली. मुरांबा घट्ट करणारे पेक्टिन नावाचे जे द्रव्य वनस्पतींच्या पेशीभित्तीत असते, त्याचे रेणू कॅल्शियमच्या कणांनी एकमेकांशी जखडलेले असतात. ऊब वाढली की ही जखडण सैल होते, मोकळ्या झालेल्या विद्युद्‌भारित कणांमुळे वीज अधिक वाहते. कियारा दारायो यांच्या गटाने २०१७ साली प्रसिद्ध केलेली पेक्टिनची पातळ त्वचा अंशाच्या शंभराव्या भागाएवढा फरक ओळखते. अंधारात भक्ष्याची ऊब हेरणाऱ्या काही विषारी सर्पांच्या चेहऱ्यावरील खळग्यांत जे पटल असते, त्याची कार्यरीती याच प्रकारची आहे.

परंतु दाब आणि उष्णता या दोहोंना एकाच पदार्थाने ओळखावे म्हटले की मोठा पेच पडतो. पदार्थ ताणला तरी त्याचा विद्युत्‌रोध बदलतो आणि तापला तरी बदलतो. मग हाती आलेला आकडा तापाचा की ताणाचा, याची रुजुवात कशी घालावी? दक्षिण कोरियातील उनयाँग जाँग आणि बाओ यांच्या गटांनी २०२० साली याचे सुंदर उत्तर दिले. आयनवाहक पदार्थात विद्युत्‌भार विसावण्यास जो काळ लागतो, तो त्या पदार्थाच्या अंगभूत गुणांवर व तापमानावर अवलंबून असतो, त्याच्या लांबीरुंदीवर नव्हे. तो काळ मोजला की ताणाची भेसळ न होता तापमान मिळते. आणि तापमान कळले की उरलेल्या बदलातून ताणाचा हिशेब वेगळा काढता येतो. एकच थर, दोन साक्षी, आणि एकीची दुसरीत सरमिसळ नाही.

दुसरी आणि तिसरी पायरी

आता निरोपाची गोष्ट. सोमेयांच्या जाळीसारख्या रचनेत यंत्र ओळीओळीने प्रत्येक बिंदूची विचारपूस करीत जाते, जणू गावचा जागल्या घरोघर हाक देत फिरतो; बिंदू वाढले की फेरी लांबते. २०१९ साली सिंगापूरच्या बेंजामिन टी यांच्या गटाने ही वहिवाट मोडली: प्रत्येक बिंदूला स्वतःची खूण दिली, आणि ज्याला काही सांगावयाचे असेल त्याने वाट न पाहता सामाईक तारेवर ती खूण पाठवावी, असे केले. त्याआधी २०१५ साली टी आणि बाओ यांनी दाबाचे रूपांतर मज्जातंतूच्या भाषेत, म्हणजे कमीअधिक वेगाच्या स्पंदांत, करून दाखविले होते.

तिसऱ्या पायरीकडे वळणारे पहिले ठोस पाऊल म्हणून मी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या २०१८ सालच्या प्रयोगाकडे पाहतो. त्यामागचे ज्येष्ठ संशोधक नितीश ठाकोर हे मुंबईच्या आय.आय.टी.चे १९७४ चे पदवीधर. ल्यूक ऑसबोर्न आणि ठाकोर यांनी कापड व रबर यांच्या थरांची त्वचा कृत्रिम हाताच्या बोटांवर चढविली, तिचे स्पंद खुंटावरील मज्जातंतूंना बाहेरून विजेने पोहोचविले, आणि हात गमावलेल्या एका स्वयंसेवकाला आपल्या नसलेल्या हातात वस्तूचा गोलवा आणि टोकदार वस्तूची बोच जाणवली. एवढ्यावर ते थांबले नाहीत. टोकदार वस्तू बोटांना लागताच कृत्रिम हाताने मालकाच्या हुकुमाची वाट न पाहता ती सोडून द्यावी, अशी योजना त्यांनी त्यात केली. कार्व्हिलला जे उणे होते ते नेमके हेच. २०२३ साली बाओ यांच्या गटाने याच्याही पुढे जाऊन, अवघ्या ५ व्होल्टवर चालणारी, दाब व तापमान यांचे स्पंद स्वतःच घडविणारी मऊ त्वचा तयार केली. तिचा निरोप उंदराच्या मेंदूपर्यंत नेला, आणि मेंदूत उठलेल्या प्रतिसादाने, कृत्रिम मज्जासंधीच्या द्वारा, उंदराचा पाय हलविला. जाणीव आणि कृती यांचे वर्तुळ त्या ठिकाणी पुरे झाले.

त्याच २०२३ साली स्वित्झर्लंडमधील लोझानच्या तंत्रविद्यापीठात सिल्व्हेस्त्रो मिसेरा आणि सोलैमान शोकुर यांनी उष्णतेविषयी जे दाखविले, ते मला सर्वांत मोलाचे वाटते. खुंटाच्या त्वचेवर ठराविक जागी ऊब वा गारवा लावला असता हात गमावलेल्या २७ जणांपैकी १७ जणांना तो नसलेल्या हातात, बोटांत, मनगटात जाणवला. दाबाने वस्तू कळते, हे आपण जाणतो. परंतु दुसऱ्याचा हात हाती घेतला असता तो माणसाचा आहे, जिवंत आहे, हे ऊब सांगते. कार्व्हिलच्या झटक्याला रुग्ण कंटाळले, पण उबेला कोणी कंटाळेल असे वाटत नाही; कारण झटका शिक्षेसारखा बाहेरून येतो आणि ऊब आपल्याच अंगाची साक्ष देते. ब्रँड यांनी ज्या परकेपणाचा उल्लेख केला, त्यावर खरा उतारा कदाचित धाकापेक्षा आपलेपणाचाच असेल.

हिशेब

तथापि हात गमावलेला माणूस आणि हात बधिर झालेला माणूस यांच्यात एक मूलभूत भेद आहे, आणि तो नजरेआड करणे अप्रामाणिक ठरेल. पहिल्याच्या खुंटात मज्जातंतू जिवंत असतात. त्यांच्यापाशी निरोप सोपविला की तो मेंदूतील योग्य त्या ठाण्यावर पोहोचतो. कुष्ठरोगाने किंवा जुनाट मधुमेहाने ज्याच्या पावलातील तंतूच मारले आहेत, त्याच्यासाठी निरोप वर पोटरीपाशी वा मांडीपाशी, जेथे संवेदना उरली असेल तेथे, उतरवून घ्यावा लागेल, आणि तेथील जाणीव पावलाची म्हणून ओळखण्याचा अभ्यास त्याला करावा लागेल. शिवाय त्याचे पाऊल यंत्राचे नाही. ते आपणहून मागे खेचून घेणारी किल्ली अजून माणसासाठी घडलेली नाही. त्यात पुन्हा घाम, चिखल, घर्षण आणि किंमत.

आपल्या देशाने कुष्ठरोगाचे सार्वजनिक प्रश्न म्हणून निर्मूलन २००५ च्या अखेरीस झाल्याचे जाहीर केले; तरीही जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतातच असतात. औषधाने जंतू मरतात, पण मेलेला मज्जातंतू औषधाने उठत नाही. म्हणून रोगमुक्त झालेली असंख्य माणसे बधिर पावलांनी आयुष्य काढतात. त्यांना आज आपण जे देतो ते एम.सी.आर. (सूक्ष्मछिद्री) रबराच्या मऊ चपला, आणि रोज रात्री पाय पाण्यात भिजवून, तेल लावून, तळवा डोळ्यांनी तपासण्याची शिस्त. या शिस्तीला मी कमी लेखीत नाही. त्वचेचे काम डोळ्यांवर सोपविण्याची ती योजना आहे, आणि तिने असंख्य पाय वाचविले आहेत. पण डोळा जखम झाल्यानंतर पाहतो. त्वचा ती होण्याआधी सांगते.

म्हणून माझे मागणे असे आहे. माशीचे वजन ओळखण्याइतकी सूक्ष्मता आपण मिळविली. दाब व ताप यांचा गुंता सुटला. निरोप मज्जातंतूच्या भाषेत लिहिता येऊ लागला. या सर्व विद्येने आता यंत्रमानवाच्या बोटांवर जेवढा खर्च होतो त्याचा एक अंश तरी त्या चपलेच्या तळव्यावर करावा, आणि असा तळवा घडवावा जो शेतकऱ्याच्या पायात पावसाळा काढील, धुता येईल, आणि खडा रुतताच किंवा तापलेल्या डांबरावर पाऊल पडताच पोटरीला अशा रीतीने जागे करील की ते बंद करावे असे त्याला वाटणार नाही. असा तळवा माशीचे वजन ओळखणार नाही, आणि त्याची गरजही नाही. कृत्रिम त्वचेच्या गुणवत्तेचा निवाडा तिच्या सूक्ष्मतेवर न होता, तिने पाठविलेल्या निरोपाची अंगात वावरणारा माणूस दाद घेतो की नाही, यावर झाला पाहिजे. आणि ज्या दिवशी एखादे बधिर पाऊल तिच्यामुळे आपल्या धन्याला पुन्हा आपले वाटू लागेल, त्या दिवशी कार्व्हिलला अर्धवट राहिलेले ते काम पुरे झाले असे म्हणता येईल.